निर्यातीचा पाला आणि घरचे चूर्ण

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या अभ्यासवर्गात औषधांच्या किमतींवर बोलत असताना मी ओघात 'पोट साफ' करणाऱ्या चूर्णांचा उल्लेख केला व त्यांच्या दुष्परिणामांविषयी दोन-चार वाक्ये बोललो. भाषण संपताच एक तरुण कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "सर, बहुराष्ट्रीय औषधकंपन्यांना देशी वनौषधी बदनाम करायच्याच असतात. तुम्ही नकळत त्यांचेच काम करीत नाही का?" सभेने टाळ्या दिल्या. टाळ्या देणाऱ्यांत आमचे दोन जुने सहकारीही होते. वेळ संपली होती, चहा आला होता, उत्तर राहून गेले. ते येथे देतो. कारण हा ग्रह त्या एका तरुणाचा नाही, आपल्या चळवळीत तो बराच खोल रुजलेला आहे.

प्रथम ज्या घटनेमुळे मी या विषयाकडे वळलो ती सांगतो. माझे शेजारी एस. टी.तून चालक म्हणून निवृत्त झाले. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. रक्तदाबासाठी ते लघवी वाढविणारी गोळी घेत. दोन वर्षांपूर्वी पायांतली शक्ती गेल्याची तक्रार सुरू झाली. जिना चढताना ते थांबू लागले. "वय झालं, सर," एवढेच त्यांचे निदान. एके सकाळी ते अंगणात कोसळले. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा त्यातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेले निघाले. डॉक्टरांनी विचारले, "आणखी कोणते औषध घेता?" अण्णा म्हणाले, "काही नाही." हाच प्रश्न तीन वेळा विचारला गेला आणि तिन्ही वेळा हेच उत्तर मिळाले. अखेर वहिनी म्हणाल्या, "रात्रीचं चूर्ण तेवढं घेतात, अकरा वर्षं झाली." त्यावर अण्णा जवळजवळ रागावलेच. "अहो, ते काय औषध आहे? चूर्ण आहे ते!"

या एका वाक्यात साऱ्या व्यापाराचे यश साठवलेले आहे. औषध विकायचे, पण गिऱ्हाइकाला ते औषध वाटता कामा नये.

बाजारातील बहुसंख्य 'पोट साफ' चूर्णांचा कणा एकच असतो, तो म्हणजे सोनामुखीचा पाला. हिरडा, ओवा, काळे मीठ, सज्जीखार, कधी निशोत्तर, कधी ज्येष्ठमध ही मंडळी सोबतीला असतात. परंतु सकाळचे काम प्रामुख्याने सोनामुखी करते. तिच्यातील सेनोसाइड नावाची द्रव्ये लहान आतड्यात पचत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जीवाणू त्यांचे विघटन करतात आणि जे निर्माण होते ते आतड्याला चाळवते, त्याचे आकुंचन वाढविते, व मळातील पाणी आणि क्षार शोषून घेण्याचे त्याचे काम रोखते. याला सहा ते बारा तास लागतात. म्हणून रात्री घ्यायचे आणि सकाळी निकाल. पाचन या क्रियेशी याचा संबंध नाही. अन्न पचविण्याचे काम सोनामुखी करीत नाही. ती आतड्यास बाहेर ढकलावयास लावते. तरीही डबीवर 'पाचक' हा शब्द छापलेला असतो आणि तो वाचून लोक जेवणानंतरच्या बडीशेपेइतक्या निर्धास्तपणे चमचा तोंडात टाकतात.

दोन-चार दिवसांसाठी हे चालते. रोज घेतले म्हणजे दुसरा हिशेब सुरू होतो. पाण्याबरोबर पोटॅशियम जाते. स्नायूंना व हृदयाच्या ठोक्याला ज्या क्षारावाचून चालत नाही, तो हा. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्याचे पोटॅशियम तिकडूनही जात असते. चूर्णात ज्येष्ठमध पुरेसा असेल तर तोही पोटॅशियम उतरवितो आणि वर रक्तदाब चढवितो. मीठ व सज्जीखार रक्तदाबाच्या रोग्याला वर्ज्यच असावयास हवेत. हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्याला तर पोटॅशियमची घट म्हणजे त्या गोळीची विषबाधा ओढवून घेणेच. पोटात मुरडा, जुलाब, अंगातले पाणी कमी होणे हे किरकोळ प्रकार वेगळे. फार मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ती विरळ आहेत हेही सांगितले पाहिजे. आतड्याचा आतला पडदा काळपट पडतो, तो मात्र फारसा अपाय करीत नाही आणि चूर्ण बंद केल्यावर निवळतो. शत्रुपक्षाविरुद्धही खोटा पुरावा द्यायचा नाही, हा आपला संकेत आहे.

सवयीचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. एका रात्रीच्या मात्रेने आतडे पूर्ण रिकामे झाले की ते पुन्हा भरावयास एक-दोन दिवस लागणारच. दुसऱ्या दिवशी शौचास होत नाही ते आत काही नाही म्हणून. परंतु माणूस घाबरतो, 'पुन्हा बद्धकोष्ठ झाले' असे समजतो आणि पुन्हा चमचा घेतो. रोग नसतानाही रोज लागणारे औषध असे निर्माण होते. याहून वाईट गोष्ट अशी की, उतारवयात अचानक सुरू झालेले बद्धकोष्ठ कधी मोठ्या आतड्यातील गाठीची, कधी थायरॉइडच्या विकाराची पहिली खूण असते. चूर्ण ती खूण पुसून टाकते आणि रोगी सहा-आठ महिने उशिरा डॉक्टरकडे पोहोचतो.

मग सोनामुखी विष आहे काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचा समावेश आहे. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाला बद्धकोष्ठाचा जो असह्य त्रास होतो त्यावर ती दिली जाते. प्रश्न पाल्याचा नाहीच. त्याच्याबरोबर ग्राहकाला कोणती माहिती मिळते आणि कोणाला मिळते, हा प्रश्न आहे.

जगात नाव असलेली सोनामुखी आपल्याच देशात पिकते. तामिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या कोरड्या जमिनीत, राजस्थानात, कच्छकडे. तिरुनेलवेलीचे नाव तर व्यापारात या पाल्याला कायमचे चिकटले आहे. हा पाला मोठ्या प्रमाणात परदेशी जातो. तेथे युरोपीय औषध संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्याच्या औषधाबरोबर काय सांगावे लागते पाहा : एक आठवड्याहून अधिक काळ घेऊ नये, त्या आठवड्यातही दोन-तीन वेळा घेणे बहुधा पुरते, बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी टाळावे, हृदयाची व लघवीची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. द्रव्याची कमाल दैनंदिन मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरलेली आहे. तोच पाला, त्याच मातीतला, मजुरांच्या त्याच हातांनी तोडलेला, जेव्हा आमच्या आठवडी बाजारात डबीत भरून येतो तेव्हा त्यावर लिहिलेले असते : 'रोज रात्री एक चमचा. संपूर्ण आयुर्वेदिक. कोणताही दुष्परिणाम नाही.' जर्मनीच्या कामगाराचे आतडे आणि मराठवाड्याच्या मजुराचे आतडे यांच्या रचनेत काही फरक असल्याचे कोणत्याही शरीरशास्त्रात लिहिलेले मला आढळलेले नाही. फरक आहे तो ग्राहकाच्या हक्कांत.

हा केवळ व्यापाऱ्यांचा दुटप्पीपणा असता तर एक वेळ समजले असते. सरकारनेही तोच कित्ता गिरविला आहे. २००४ साली बॉस्टनच्या परिसरातील दुकानांत मिळणारी सत्तर आयुर्वेदिक वनौषधी-उत्पादने डॉ. रॉबर्ट सेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. सत्तरांपैकी चौदांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. परदेशात ओरड झाली, बाजारपेठ धोक्यात आली. आणि २००५ च्या ऑक्टोबरात आपल्या केंद्र सरकारच्या आयुष विभागाने आदेश काढला की, १ जानेवारी २००६ पासून वनौषधींच्या मालाची जड धातूंसाठी सक्तीने तपासणी व्हावी. कोणत्या मालाची? निर्यातीच्या! देशात विकल्या जाणाऱ्या मालाला ती सक्ती त्या आदेशात नव्हती. औषधसंहितेत देशी मालासाठीही धातूंच्या मर्यादा नमूद झाल्या. परंतु आधी परक्या गिऱ्हाइकाचा विचार आणि मागाहून घरच्याचा, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. येथे एक विचित्र योगायोगही नोंदवितो. शिशाची विषबाधा झालेल्या माणसाला काय होते? पोटात कळा येतात आणि बद्धकोष्ठ होते. म्हणजे डबीत शिसे असेल तर डबीच रोग देईल आणि डबीच त्याच्यावरचा उपाय म्हणून खपेल.

आता माझ्या तरुण मित्राचा आक्षेप. बहुराष्ट्रीय कंपन्यांचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. त्यांच्या औषधांच्या किमतींवर मी चाळीस वर्षे लिहीत आलो आहे. १९७५ च्या हाथी समितीच्या शिफारशी सरकारांनी कशा बासनात बांधल्या, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवीत आलो. परंतु त्याच सेपर यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेला दुसरा अभ्यास आपण पाहावा. इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत हे धातू सापडले. त्यांत अमेरिकेत बनविलेल्या मालाचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते आणि भारतात बनविलेल्याचे सुमारे २० टक्के. म्हणजे कट असेलच तर तो आपल्याविरुद्ध जेवढा, तेवढाच त्यांच्या स्वतःच्या कारखानदारांविरुद्ध. नफ्याला देश नसतो हे आपण शिबिरांतून सांगतो. ते चूर्णाच्या कारखानदारालाही लागू करावयास आपण का कचरतो? त्याच्या कारखान्यातही कंत्राटी मजूर आहेत, त्याच्याही जाहिरातीवर कोट्यवधी खर्च होतात. गांधीटोपी किंवा भगवी कफनी घातली म्हणून भांडवल भांडवल राहत नाही असे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे?

आणि परंपरेचे म्हणाल तर, सोनामुखी चरक-सुश्रुतांची नव्हेच. त्यांच्या विरेचन द्रव्यांत निशोत्तर आहे, बहावा आहे. सोनामुखी ही अरब वैद्यांची आणि युनानी हकिमांची सना. ती त्या वाटेने आपल्याकडे आली आणि नंतरच्या वैद्यांनी ती आपली म्हटली. यात कमीपणा काही नाही, उलट ज्ञानाचा प्रवास असाच होतो. परंतु 'पाच हजार वर्षांची परंपरा' असे छापून तिच्यावर प्रश्न विचारणाऱ्याला राष्ट्रद्रोही ठरविणे हा अडाणीपणा तरी आहे किंवा लबाडी तरी. ज्या परंपरेचे नाव घेतले जाते तिच्यात तर विरेचन हा वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचा विधी आहे. त्याच्या आधी स्नेहन-स्वेदन आहे, आणि बालक, वृद्ध, गर्भिणी, दुर्बल यांना तो द्यावा की नाही याचा तपशीलवार विचार आहे. रोज रात्री, साऱ्या घरादाराला, आयुष्यभर विरेचन हा शोध जाहिरातदारांचा आहे. आयुर्वेदाची बदनामी कोणी केली असेल तर ती यांनी.

'वनस्पती म्हणजे निर्धोक' हे तर आपल्या खेड्यातील गुराख्यालाही पटणार नाही. धोतरा, कण्हेर, बचनाग, जमालगोटा या वनस्पतीच आहेत. कायद्यालाही हे ठाऊक आहे. म्हणून औषध नियमांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये अशा द्रव्यांची यादी आहे आणि त्यांच्यावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असे छापावे लागते. सोनामुखी त्या यादीत नाही. इतर चूर्णांच्या डबीवर घटकांची नावे व प्रमाण छापणे बंधनकारक आहे, पण दुष्परिणाम छापणे नाही. मालकी हक्काचे आयुर्वेदिक औषध काढावयाचे असेल, त्याचे घटक ग्रंथोक्त असतील आणि ई-१ मधील नसतील, तर परवान्यासाठी सुरक्षिततेचा स्वतंत्र अभ्यासही मागितला जात नाही. किंमत नियंत्रण आदेशातून ही औषधे वगळलेली आहेत. शिवाय आता दुसरेही दार उघडे आहे : तीच वस्तू थोडी फिरवून 'पूरक आहार' म्हणून अन्नाच्या परवान्यावर विकता येते. ज्या दाराशी पहारा ढिला, त्या दाराने माल बाहेर.

जाहिरातींची कथा याहून उद्बोधक आहे. २०१८ च्या अखेरीस औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम आला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांची जाहिरात करण्यापूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, एवढीच माफक अपेक्षा त्यात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना कळविले की, या नियमाखाली कारवाई करू नका. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने कान उघाडणी केली, तरी जुलै २०२४ मध्ये मंत्रालयाने नियमच गाळून टाकला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने त्या गाळण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही उठली. शिल्लक राहिला तो १९५४ चा जादूटोण्याच्या व आक्षेपार्ह औषधी जाहिरातींचा कायदा, ज्याचा बडगा जाहिरात लोकांच्या कानांवरून गेल्यावर उगारावयाचा असतो. मध्यंतरी डबी विकली गेलेली असते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक मुद्दा मांडतो. वैद्यकीय सेवेचा बाजार हा बटाट्याचा बाजार नव्हे, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले. बटाटा किडका निघाला तर गिऱ्हाईक पुढच्या खेपेला दुकान बदलते. चूर्णाच्या बाबतीत वापरून झाल्यावरही गिऱ्हाइकाला कळत नाही. पोटॅशियम उतरल्याची जाणीव 'वय झालं' अशा रूपाने होते. त्यामुळे स्पर्धेने माल सुधारेल ही आशा व्यर्थ आहे. उलट, इशारा छापणारा प्रामाणिक कारखानदार न छापणाऱ्यापुढे मार खाईल. तेव्हा इशारा सर्वांनाच सक्तीचा केल्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्यापैकी काही बुद्धिवादी मित्रांचाही एक हिशेब राहतो. ते चूर्ण घेणाऱ्याला हसतात, त्याला अंधश्रद्ध म्हणतात. हसण्यापूर्वी त्यांनी विचारावे की, श्रमिकांना बद्धकोष्ठ होतेच का? अण्णांनी तीस वर्षे गाडी चालविली. शौचाची भावना झाली तरी पुढचे स्थानक येईपर्यंत दाबून धरायची, आणि स्थानकावरच्या शौचालयाची अवस्था आपण जाणताच. बीडकडची ऊसतोडणी कामगार स्त्री पहाटे अंधारात फडात जाते, पालावर आडोसा नसतो, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. बांधकामावरच्या मजूर बाया, घरकामाच्या बाया, इतकेच काय पण शाळेत वापरण्याजोगे शौचालय नसलेल्या शिक्षिका, सर्वांची हीच युक्ती : पाणी कमी प्यायचे आणि आवरून धरायचे. मुंबईत २०११ पासून स्त्री-संघटनांनी 'राइट टू पी'ची मोहीम चालविली तेव्हा आपल्यातील काही पुढारी गालांत हसले होते, हे मला आठवते. स्वस्त भाजी नाही, पुरेसे पाणी नाही, शौचालय नाही, कामात पाच मिनिटांची सवड नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची खुर्ची रिकामी. या पाच अभावांची जागा कारखानदार एका चमच्याने भरून काढतो, आणि तो चमचा घेणाऱ्याला आम्ही अडाणी म्हणतो! त्याने बाजारात उपलब्ध असलेला एकमेव स्वस्त उपाय घेतला, एवढाच त्याचा अपराध.

(इसबगोलाचा भुसा बहुतेकांना पुरतो, तो आतड्याला चाळवीत नाही, मात्र भरपूर पाण्याबरोबर घ्यावा लागतो. आणि पाण्याचेच तर वांधे आहेत.)

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. सोनामुखी, कोरफडीचा काळा बोळ किंवा निशोत्तर असलेल्या प्रत्येक डबीवर, आणि तेही मराठीत व ठळक अक्षरांत, 'हे रेचक आहे, एक आठवड्याहून अधिक घेऊ नये' असे छापले जावे. लहान मुले, गर्भवती, रक्तदाबाचे व हृदयाचे रुग्ण यांच्यासाठी वेगळी सूचना असावी. 'दुष्परिणाम नाही' हे वाक्य छापणे हाच गुन्हा ठरावा. जाहिरातीची पूर्वमंजुरी परत आणावी. निर्यातीच्या मालाचा तपासणी अहवाल जसा निघतो तसा देशी मालाच्या प्रत्येक घाणीचा निघावा आणि तो कोणालाही पाहता यावा. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला व २०१७-१८ च्या सुमारास नव्याने उभारला गेला. पण अण्णांच्या प्रकरणाची नोंद तेथे कोणी पाठविली नाही, कारण असे काही करावयाचे असते हे त्या रुग्णालयात कोणालाच ठाऊक नव्हते. ग्रामीण रुग्णालयांना ते कळविणे हे काम तर आपल्या तालुका शाखाही करू शकतील.

अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. त्याला आधार हवा. कार्यकर्त्यांनी आपापल्या आठवडी बाजारात, एस. टी. स्थानकावर आणि किराणा दुकानांत मिळणाऱ्या चूर्णांच्या डब्या पाहाव्यात. घटक, प्रमाण, परवाना क्रमांक, मात्रा आणि दुष्परिणामांविषयी जे काही छापले असेल ते शब्दशः उतरवून घ्यावे आणि या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावे. सोबत भिंग न्यावे. अण्णांच्या डबीवरची घटकांची यादी मला चष्मा लावूनही वाचता आली नाही; नातवाने मोबाईलवर मोठी करून दाखविली तेव्हा सोनामुखीचे नाव चौथ्या ओळीत सापडले, तेही संस्कृतात.